पाक्षिकाचं नवं रूप वाचकासाठी की चॅनेलसाठी?

बोरीकाठ (अमळनेर):
गेली एकोणीस वर्षं एका क्रीडा पाक्षिकाची वर्गणी भरतोय. नाव मुद्दाम घेत नाही. परवा पोस्टमनने नव्या रूपातला अंक हातात दिला. गुळगुळीत कागद, पानभर फोटो, मोठी अक्षरं. माझ्या चष्म्याला मोठी अक्षरं मानवली, खोटं का बोला! पण मागच्या चार पानांत रणजीचे पूर्ण धावफलक बारीक टाइपात यायचे, ते गायब. त्या जागी 'काय पाहाल' म्हणून पंधरा दिवसांचं वेळापत्रक, आणि त्यात एकाच चॅनेलवरचे सामने. दुसऱ्या चॅनेलवर त्याच पंधरवड्यात कसोटी मालिका चालू आहे, तिची एक ओळ नाही. पाच स्तंभलेखकांपैकी चार त्याच चॅनेलचे समालोचक.

संशय आला म्हणून मार्चचा अंक रद्दीतून उपसला. फेब्रुवारी संपला की पुढच्या अंकात 'फॉर्म ४' छापावा लागतो. त्यात मालकांची आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असणाऱ्यांची नावं असतात. त्या यादीत चॅनेलवाल्यांचीच एक कंपनी निघाली. वेळापत्रकाचं कोडं तिथे सुटलं.

जंक्शन (भुसावळ):
काका, आमचा पेपरचा स्टॉल होता, म्हणून बोलतो. गठ्ठा सोडायचा आणि पंधरा दिवसांनी परतीचे अंक बांधायचे, शेवटी शेवटी एवढंच काम उरलं होतं. 'आते कोन वाचस भो?' असं गिऱ्हाईकच विचारायचं. 'क्रिकेट सम्राट' १९७८ पासून निघत होतं, हिंदी असूनही आमच्याकडे हातोहात जायचं. २०२० मध्ये बंद पडलं. अमेरिकेत ईएसपीएन या क्रीडा चॅनेलने १९९८ मध्ये स्वतःचं मासिक काढलं, त्याचाही छापील अंक २०१९ मध्ये थांबला. चॅनेलची थैली पाठीशी असून ही गत, तर बिनथैलीवाल्यांचं काय? तुमच्या वर्गणीत टपालखर्च तरी सुटतो का? अंक हातात पडतोय, त्यात गोड माना.

बोरीकाठ:
पैसा कोणीही घाला, पण सांगून घाला. इंग्लंडचं उदाहरण बघा. २००६ पासून तिथल्या घरच्या कसोटी थेट पाहायच्या तर स्काय या चॅनेलचे पैसे भरावे लागू लागले. क्रिकेट फुकट दिसावं की नाही यावर तिकडे रणकंदन चालू होतं. आणि २००७ मध्ये स्कायनेच 'द विस्डेन क्रिकेटर' हे मासिक विकत घेतलं. समजा, संपादकाने अगदी प्रामाणिकपणे लिहिलं की पैसे भरून पाहणंच खेळाच्या हिताचं आहे. वाचक ते कसं वाचणार? लिहिणाऱ्याची चूक नसतानाही त्याचा शब्द हलका होतो. २०१० च्या अखेरीस स्कायने ते विकून टाकलं, तो भाग वेगळा.

जंक्शन:
त्याच २००७ मध्ये ईएसपीएनने क्रिकइन्फो ही क्रिकेटची वेबसाइटही घेतली. तिथले धावफलक गेले का? उलट वाढले. तुमची रणजी आता तिथे चेंडूगणिक मिळते, तीही फुकट. मालक चॅनेलवाला आहे म्हणून माल नासतोच असं नाही.

खिळेजुळारी (जळगाव):
मी डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं काम करतो. तुम्ही दोघं मांडणी आणि मालकी एकत्र कालवताय. धावफलक गेले ते चॅनेलमुळे नाहीत, ते कोणीही काढलेच असते. चार पानं जुळवायला दोन दिवस जातात, एक आकडा चुकला की पत्रांचा पाऊस. फोटो पानभर टाकला की मजकूर निम्मा होतो, निम्म्या मजकुराला निम्मं मानधन. फोटो घरच्या चॅनेलकडून आला तर तोही खर्च वाचला. रूप असं हिशेबातून ठरतं. पण वेळापत्रकात फक्त स्वतःचे सामने, हे मात्र मांडणीत बसत नाही. ती जाहिरात आहे, आणि जाहिरातीवर 'जाहिरात' लिहायचं असतं. इथे काकांचं बरोबर.

हुतूतू (पारोळा):
मासिकाचं काय घेऊन बसलात, खेळच चॅनेलच्या घरचा झालाय! प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि ती चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्सचा ७४ टक्के हिस्सा २०१५ मध्ये स्टारने घेतला. दाखवणारा तोच, भरवणारा तोच. म्हणून मी रडू का? आमच्या गावात हॅलोजन लावून रात्रभर सामने व्हायचे, बक्षीस म्हणजे स्टीलची ढाल. आज पोरांना माहीत आहे की या खेळात पोट भरतं. तीस सेकंदांची चढाई टीव्हीला सोयीची असेल, पण बघायला मजा येते ना? चॅनेलने कबड्डीला जे दिलं ते तुमच्या बारीक टाइपाने कधी दिलं नाही.

बोरीकाठ:
खरं शे भो, ते मान्य. पण लीगमध्ये पंच चुकला, खेळाडूचे पैसे अडकले, तर ते छापणार कोण? चॅनेलचं पाक्षिक?

खो-खोवाले सर (चोपडा):
तुमचं भांडण क्रिकेट आणि कबड्डीवाल्यांचं. माझ्या मुली राज्यापर्यंत खेळून आल्या, या पाक्षिकाच्या जुन्या रूपात नाव नव्हतं आणि नव्यातही नाही. तेव्हा मालक चॅनेलवाला नव्हता, तरी जागा नव्हती. काका, एकोणीस वर्षांत एकदा तरी संपादकाला पत्र टाकलं का, की खो-खो कुठाय?

बोरीकाठ:
नाही टाकलं, सर. माझा डोळा धावफलकावरच असायचा. आता दोन पत्रं टाकतो. एक तुमच्या मुलींसाठी. दुसरं, फॉर्म ४ मधलं ते नाव वर्षातून एकदा बारीक टाइपात नको, दर अंकात संपादकाच्या नावाखाली छापा म्हणून.

जंक्शन:
टाका. आणि पुढच्या वर्षीची वर्गणी?

बोरीकाठ:
भरलीय. नव्या रूपाआधीच, तीन वर्षांची एकदम. सवलत होती.

जंक्शन:
हात्तिच्या! मग वाचून झालेले अंक भुसावळला पाठवत जा, काका.