अनुभव धागा : निकाल आधीच ठाऊक असलेल्या शर्यती

टिळकवाडीकर :

आमच्या गल्लीत फॉर्म्युला वन, म्हणजे मोटारींच्या शर्यती, बघणारं पहिलं घर आमचं. २००२ साली केबलवाल्याला महिनाभर पिडून तो चॅनल लावून घेतला, आणि नेमक्या त्याच वर्षी फेरारीच्या संघानं १७ पैकी १५ शर्यती मारल्या. त्यांचा चालक शूमाकर सतराच्या सतरा वेळा पहिल्या तिघांत. २१ जुलैला फ्रान्समध्ये त्यानं विश्वविजेतेपद खिशात घातलं तेव्हा सहा शर्यती शिल्लक होत्या! बाबा पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "आज दुसरा कोण येणार रे?" पहिल्याचं विचारायचेच नाहीत.

पुढं रेड बुल झाली, मर्सिडीज झाली, परत रेड बुल झाली. दर वेळी ठरवायचं, यंदा बघायचं नाही. आणि रविवारी संध्याकाळी चहा घेऊन पुन्हा तिथंच बसायचं.

म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, भालकी, जिथं असाल तिथून लिहा. एकाच संघाची सद्दी चालू असताना तुम्ही काय केलंत? टीव्ही बंद केलात, की दुसरंच काही बघायला शिकलात? आकडे द्या, पण आधी स्वतःचं सांगा. "सगळा पैशाचा खेळ आहे" एवढंच लिहायचं असेल तर तेवढं मलाही माहीत आहे.

शहापूरची :

मी तेव्हा दहावीत. मागच्या खोलीत मागाची खटखट, पुढच्या खोलीत दोन भाऊ आणि टीव्ही. १२ मे २००२, ऑस्ट्रिया. फेरारीचाच दुसरा चालक बारिकेलो पहिल्यापासून पुढं होता. शेवटच्या सरळ पट्ट्यावर, रेषा दिसत असताना, संघाच्या हुकमावरून त्यानं वेग कमी केला आणि शूमाकरला जाऊ दिलं. भाऊ शूमाकरचे भक्त, तरी तेही गप्प झाले. तिथले प्रेक्षक हुर्यो करत होते. मग शूमाकरनं बारिकेलोला ढकलत वरच्या पायरीवर उभं केलं, करंडक त्याच्या हातात दिला. फेरारीला दहा लाख डॉलरचा दंड झाला, पण गंमत बघा : दंड वाट सोडायला लावल्याबद्दल नव्हता, तो पायऱ्यांची अदलाबदल केल्याबद्दल होता. संघाच्या हुकमांवर बंदी पुढच्या वर्षी आली, आणि २०११ला उठलीसुद्धा.

मला बारिकेलो का कळला ते सांगते. मागाचा सगळा हिशेब मी लिहायची. सूत किती आलं, साड्या किती उतरल्या, कोणाकडून किती येणं. बँकेत आणि व्यापाऱ्याकडं जाताना मात्र वही थोरल्याच्या काखेत. तो वाईट नव्हता हो, त्यालाही अवघडल्यासारखं व्हायचं. अगदी शूमाकरसारखं.

एखादा संघ सगळं जिंकतो याचा मला राग नाही. १९८८ला मॅक्लारेननं १६पैकी १५ जिंकल्या, पण त्यात त्यांच्या एका चालकाच्या, सेनाच्या, आठ आणि दुसऱ्याच्या, प्रोस्टच्या, सात. घरातल्या घरात भांडण होतं, ते बघायला लोक बसायचे. घरातसुद्धा शर्यत नसेल तर मग कशाला बसायचं?

उद्यमबागेतला पॅटर्नवाला :

ताई, तुमचं बरोबर आहे, पण मी जरा वेगळीकडून लिहितो. मी ओतकामातला माणूस. तीस वर्षं पॅटर्न (ओतकामाचा नमुना) आणि कोअर बॉक्स (नगाच्या आतली पोकळी धरणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, पाडायचा साचा) यांतच गेली.

मर्सिडीजची सद्दी सुरू झाली २०१४ला. त्या वर्षी नियम बदलला : २.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन गेलं, १.६ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो आलं, जोडीला हायब्रिड. टर्बो म्हणजे दोन चाकं एका दांड्यावर. एक धुराच्या जोरावर फिरतं, दुसरं हवा कोंबतं. आपल्या ट्रकच्या टर्बोत दोन्ही शेजारी-शेजारी. मर्सिडीजवाल्यांनी हवेचं चाक इंजिनाच्या पुढं नेलं, धुराचं मागं ठेवलं, आणि दांडा मधून ओवला. गरम आणि गार वेगळं झालं. हवा गार करायला कमी जागा लागली, म्हणून गाडीची पाठ बारीक करता आली. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही. एवढ्या लांब दांड्याचं संतुलन त्यांनी कसं साधलं असेल, यावर मी कागदावर रेघोट्या मारत बसलो.

बाकीच्यांनी नक्कल का केली नाही? कारण खर्च आवरायला म्हणून इंजिनात वर्षाला किती बदल करायचे यावर टोकनची मर्यादा होती. नियम केला समतोलासाठी, आणि त्यानंच पुढच्याला कुंपण घालून दिलं. २०१४ला १९पैकी १६, २०१५ला तेवढ्याच, २०१६ला २१पैकी १९. संघांचं विजेतेपद २०२१पर्यंत सलग आठ वेळा.

आता माझं. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या एका बॉडीचं काम आमच्याकडं होतं. आतल्या वाटा इतक्या नागमोडी की कोअरमधला गॅस बाहेरच पडायचा नाही. शंभरातले पंचवीस-तीस नग ब्लो होलमुळं, म्हणजे गॅस अडकून पडलेल्या भोकांमुळं, बाद. आमच्याच ओळीतल्या एका शेडनं कोअरला वाट काढून द्यायची नवी रीत बसवली आणि दीड वर्षात सगळी ऑर्डर तिकडं गेली. आम्ही चहाच्या गाड्यावर बसून शिव्या घातल्या. वशिला असणार, दर पाडला असणार. पुढं त्यांचा एक मोडका कोअर भंगारात हाती लागला. फोडून बघितला आणि मान खाली गेली. आम्ही जे करणार होतो त्यातलं बरंच त्यांनी करून, चुकून, टाकूनही दिलं होतं.

तेव्हापासून मी सद्दीवर चिडत नाही. २०२०ला मर्सिडीजचा चालक सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग छातीकडं ओढायचा आणि पुढच्या चाकांचा कोन बदलायचा. पोरं म्हणाली, रटाळ शर्यत. मी त्या स्टिअरिंगकडंच बघत होतो. पुढच्या वर्षी त्यावर बंदी आली, ते मला आवडलं नाही. खर्चावरची मर्यादा मात्र पटते. २०२१ला ती आली तेव्हा वर्षाला १४.५ कोटी डॉलर होती, त्यात चालकांचा पगार धरत नाहीत. भट्टी कितीची ते सारखं करा, डोकं सारखं करायला जाऊ नका.

निपाणीजवळून :

पॅटर्नवाले काका, तुमचं शेवटचं वाक्य आमच्या आबांना वाचून दाखवलं. आबा म्हणजे शर्यतीच्या बैलांच्या नादात दोन एकर ऊस कमी लावणारा माणूस. त्यांनी विचारलं, "ह्यो कुठल्या गावचा?"

आमच्याकडं बैलगाड्यांना गट असतात. आदत वेगळी, दुसा-चौसा वेगळे, जनरल वेगळा. दातावरून ठरतं, म्हणजे कोवळ्या खोंडाला तयार बैलापुढं उभं करत नाहीत. तरी एका उन्हाळ्यात पलीकडच्या एका जोडीनं आमच्या पट्ट्यातली सगळी मैदानं मारली. ती गाडी उतरणार म्हटलं की बाकीचे नावच नोंदवेनात. आठ गाड्यांच्या जागी तीन. यात्रा कमिटी हादरली, कारण फीही गेली आणि गर्दीही. एका गावानं त्या मालकाला हळूच सांगितलं, यंदा येऊ नका, ढाल घरी पाठवतो. आबा भडकले. "जिंकणाऱ्याला घरात बसवून मिळवलेली ढाल बाकीच्यांनी कुठं मिरवायची?" स्वतःची जोडी त्या जोडीकडून चारदा हरली होती, तरी.

त्यांना मी २००५ सांगितलं. फेरारीची सद्दी मोडली ती टायरच्या नियमानं : अख्खी शर्यत एकाच टायरवर पळायची. आदल्या वर्षी १८पैकी १५ जिंकणारी फेरारी त्या वर्षी एकच जिंकली, आणि तीही इंडियानापोलिसला, जिथं मिशलिन कंपनीचे टायर वापरणारे सगळे माघारी गेले आणि सहाच गाड्या धावल्या. (आपला नारायण कार्तिकेयन तिथं चौथा. सहांत चौथा, पण चौथा.) आबा म्हणाले, "बैलाच्या खुराला ठोकलेल्या एकाच पत्रीवर सगळी मैदानं पळवा म्हटल्यागत झालं की. ह्यात बैलाचा काय दोष?"

मग हल्लीचा नियम सांगितला. वाऱ्याच्या बोगद्यात गाडीची चाचणी घेतात त्याचा वेळ गुणतालिकेवरून ठरतो : पहिल्या संघाला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्के, दुसऱ्याला ७५, असं पाच-पाचनं वाढत दहाव्याला ११५. हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग तंबाखू मळत म्हणाले, "हे बरं हाय. बैलाला बांधून घालायचं न्हाई, पेंड जरा कमी करायची."

टिळकवाडीकर :

आबांना माझा नमस्कार सांगा. पुढचे लिहा.

अनगोळचा, सध्या हुबळीत :

मी तिकीट काढून सद्दी बघून आलोय! ऑक्टोबर २०१३. बेळगाव स्टेशनातून गोवा एक्सप्रेस, दोन रात्री, निजामुद्दीन, तिथून ग्रेटर नोएडा. बरोबर आईनं दिलेल्या दशम्या, आणि दिल्लीतल्या मित्रासाठी कुंदा, जो मथुरेपर्यंत आम्हीच संपवला.

भारतात फॉर्म्युला वनच्या तीनच शर्यती झाल्या, २०११, २०१२, २०१३, आणि तिन्ही रेड बुलच्या फेटेलनं जिंकल्या. म्हणजे आपल्या देशानं ह्या खेळाचा दुसरा विजेता बघितलेलाच नाही. घरून निघतानाच भाऊ म्हणाला होता, "निकाल मी इथं बसून सांगतो, पैसे मला दे."

पण मैदानात बसल्यावर वेगळं असतं. फेटेल मऊ टायरवर निघाला आणि दुसऱ्या फेरीलाच टायर बदलायला आत गेला. बाहेर आला तो पार मागं. टीव्हीवर हे डावपेच म्हणून दिसलं असतं. आम्हाला ती निळी गाडी दर फेरीला एक-दोन गाड्या गिळत वर येताना दिसत होती. शेजारचा पंजाबी माणूस बोटं मोडून मोजत होता. शर्यत संपली, चौथं विश्वविजेतेपद पक्कं झालं, आणि गडी गाडी आत न्यायची सोडून आमच्या स्टँडसमोर गोल-गोल गरगरा फिरवत बसला. रबराचा धूर अंगावर आला. मग उतरून गाडीपुढं वाकून नमस्कार. त्या गरगरण्याबद्दल संघाला २५,००० युरो दंड झाला.

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "काय, सांगितलं होतं ना?" त्याला काय समजावणार.

खानापूर, गॅरेज :

चार चाकांचं तुमी बोलताय, दोन चाकांचं बगा की. मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींच्या शर्यती, २०२४. वीस शर्यतींतल्या १९ डुकाटीच्या. एकच अमेरिकेतली विन्यालेसनं एप्रिलियावर काढली. बाविसातल्या आठ गाड्याच डुकाटीच्या होत्या, मग दुसऱ्याला जागा कुठं?

तरी मी त्या वर्षी एक शर्यत सोडली नाही. का, तर डुकाटीवरच्याच दोघांत बान्याया अकरा जिंकला आणि मार्तीन तीनच, पण शेवटी विश्वविजेता मार्तीन, दहा गुणांनी! बान्याया पडायचा, मार्तीन बहुतेक दुसरा-तिसरा येऊन गुण गोळा करायचा. आणि मार्तीन कंपनीच्या मुख्य संघात नव्हताच, तो भाड्याच्या गाड्यांवर चालणाऱ्या छोट्या संघात. आमच्या गॅरेजात एक पोरगा हाय, लई फास्ट काम करतो आणि आठवड्याला एक बोल्ट मोडतो. त्याला हे मी रोज सांगतो.

मेकॅनिकल, तिसरं वर्ष :

मी सगळ्यांत लहान दिसतोय इथं. २०२३ला बघायला सुरुवात केली, म्हणजे मुहूर्तच असला. रेड बुलनं २२पैकी २१ जिंकल्या, एकट्या वर्स्टापेननं १९. रूममेट बागलकोटचा. मोबाईलवर शर्यत लागली की तो पांघरुणातनं विचारायचा, "मत्त अवन?" परत तोच का. मी हो म्हटलं की कूस बदलायचा.

मग मी पहिल्या गाडीकडं बघणंच सोडलं. मॅक्लारेन त्या वर्षी सुरुवातीला अगदी तळाशी होती. जुलैत सिल्व्हरस्टोनला त्यांचा नॉरिस एकदम दुसरा आला. तिथून मी फक्त त्या केशरी गाड्यांच्या वेळा वहीत लिहायला लागलो, फेरीमागं किती भरून काढतात ते. थर्मोडायनॅमिक्सच्या वहीत, मागच्या पानांवर.

आता माझं दुःख. १७ सप्टेंबर, सिंगापूर. दोन दिवसांवर गणपती, आणि आमच्या मंडळाच्या मांडवाचं काम अर्धं राहिलेलं. म्हटलं, एक रविवार सोडू, जिंकणारा माहीतच आहे. मी शिडीवर, तोंडात सुतळी, आणि खिशात फोन वाजतोय. खाली उतरून बघितलं तर रूममेट : "अवन अल्ल!" तो नव्हे! साइंझ जिंकला होता, फेरारीवर. वर पुन्हा डोकं किती, तर मागच्या मर्सिडीज अंगावर येऊ नयेत म्हणून दुसऱ्या नंबरवरच्या नॉरिसला मुद्दाम आपल्या मागं एका सेकंदाच्या आत ठेवलं, म्हणजे त्याला गाडीचा मागचा पंख उघडून वेग मिळत राहील आणि तोच आडवा येईल. अख्ख्या वर्षात रेड बुल हरली ती एकच शर्यत, आणि ती मी बघितली नाही. मंडळात अजून मला सिंगापूर म्हणतात.

मॅक्लारेननं २०२४ला संघांचं विजेतेपद घेतलं, १९९८नंतर पहिल्यांदा. वही अजून आहे.

उद्यमबागेतला पॅटर्नवाला :

वही टाकू नकोस. २०२६पासून इंजिनाचे नियम पुन्हा बदललेत. कोणीतरी कुठल्या तरी शेडमध्ये चुका करून बसलेलाच असणार. आणि कधी उद्यमबागेत आलास तर तो मोडका कोअर दाखवतो, ठेवलाय.

टिळकवाडीकर :

थोडं माझं राहिलं होतं. बाबा आता ऐंशीच्या पुढं. ऐकू कमी येतं, पण रविवारी खुर्ची सोडत नाहीत. डिसेंबर २०२५, अबूधाबी, वर्षातली शेवटची शर्यत. वर्स्टापेन पुढं निघून गेला, तो जिंकणार हे दिसतच होतं. पण नॉरिसला विजेतेपदासाठी तिसरा नंबर पुरेसा होता, आणि त्याच्यामागं लक्लेर. मी बाबांच्या कानाशी हे दोनदा ओरडून सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून घातला आणि तासभर टीव्हीला नाक लावून एकच विचारत राहिले, "चौथा किती मागं आहे?"

नॉरिस दोन गुणांनी विश्वविजेता झाला. पहिला कोण आला, हे बाबांनी सोमवारी पेपरात वाचलं.