मुकाट्याने नव्हे
अमेरिकेत रेल्वे बांधणारे चिनी मजूर मिळेल त्या पैशात मुकाट्याने राबले, असं म्हणतात. ते मला पटत नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडे बांधलेल्या सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचंच बघा. सिएरा नेवाडा पर्वतरांगेतल्या शिखराखालचा बोगदा साधारण ५०० मीटरचा, सगळा ग्रॅनाइट. छिन्नी-हातोड्याने भोकं पाडायची, सुरुंगाची दारू ठासायची, पुढे तर नायट्रोग्लिसरीन हे त्याहून जबर स्फोटक. दिवसाकाठी जेमतेम फूटभर खडक सरकायचा, आणि बाहेर माणूस गाडला जाईल एवढा बर्फ.

त्याच मजुरांनी जून १८६७ मध्ये संप केला. हजारोंनी एकाच वेळी हत्यारं खाली ठेवली. मागण्या साध्या होत्या: महिना ४० डॉलर आणि कामाचे तास कमी. गोऱ्या मजुरांना जेवण कंपनीकडून मिळे, यांना पगारातून स्वतःचं शिजवावं लागे. दंगा नाही, मारामारी नाही. कंपनीच्या बांधकामाचा प्रमुख चार्ल्स क्रॉकर याने डोंगरावर जाणारी रसदच तोडली. आठवडाभरात उपाशीपोटी ते कामावर परतले. याला मुकाट्याने राबणं कसं म्हणायचं?

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. कामावर त्यांच्यासाठी कावडीतून चहा यायचा, सुरुंगाच्या दारूच्या रिकाम्या पिंपांतून. पाणी उकळलेलं असल्यामुळे हगवणीपासून ते बरेच वाचले. घरापासून इतक्या दूर तेवढी एक सवय त्यांनी जपली होती.

आणि १८८२ साली त्याच देशाने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. तो कायदा उठायला १९४३ उजाडलं.