'धन्य' आणि 'आशीर्वादित' एकच का?

तरुणसंघ_अभ्यास: चर्चच्या तरुण संघात मत्तय 5:3–12 वर, म्हणजे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या 'धन्य ते…' या वचनांवर, तासाभराचा अभ्यास घ्यायचा आहे. साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाचा अनुभव सगळ्यांपुढे सांगताना, "देवाने आशीर्वादित केलं" म्हटलं की नोकरी, घर, बरं झालेलं दुखणं असंच ऐकू येतं. इथे मात्र येशू शोक करणाऱ्यांना धन्य म्हणतो. हे दोन शब्द एकच का? सुरुवात कुठून करावी?

ग्रीकवाचक: एक नाहीत. डोंगरावरच्या प्रवचनातला ग्रीक शब्द 'माकारिओस', जुन्या करारात हिब्रू 'अश्रे'. स्तोत्रसंहितेची सुरुवातच त्याने होते. ही एखाद्याच्या स्थितीबद्दलची घोषणा आहे: याचं देवापाशी बरं आहे. दुसरा, 'आशीर्वादित'चा शब्द 'युलोगेओ', हिब्रूत 'बारख'. ती देण्याची क्रिया. उपासनेच्या शेवटी पाळक गणना या पुस्तकातलं 6:24–26 म्हणतात तो आशीर्वाद या घरातला. हिब्रूत तो अवघ्या 15 शब्दांचा आहे, ओळीगणिक 3, 5 आणि 7.

लूक 1 मध्ये दोन्ही शेजारी सापडतात. अलीशिबा येशूच्या आईला, मरीयेला, 42व्या वचनात म्हणते तो दुसरा शब्द, आणि 45व्यात, विश्वास ठेवल्याबद्दल म्हणते तो पहिला. मराठीत दोन्हीकडे 'धन्य' छापलेलं दिसलं तरी फरक लक्षात ठेवा.

बायबलवर्ग: तासासाठी सांगते. पहिली 10 मिनिटं फक्त मोठ्याने वाचा, आणि क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावा. 3 आणि 10 मध्ये कारण एकच, "स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे", वर्तमानकाळात. मधली सहा भविष्यकाळात. 11व्या वचनात 'ते' जाऊन 'तुम्ही' येतं. हे मुलांनी स्वतः शोधलं की अर्धं काम झालं. मग 25 मिनिटं एकट्या 3ऱ्या वचनाला ("जे आत्म्याने दीन ते धन्य") द्या. 'दीन' साठीचा 'प्तोखोस' म्हणजे काटकसरीने भागवणारा गरीब नव्हे, हात पसरल्याशिवाय ज्याचं चालतच नाही असा. उरलेल्या वेळात लूक 6:20–26 शेजारी ठेवा: तिथे चार धन्यता आणि लगेच चार धिक्कार, पहिलाच धनवानांना.

हटकून होणारी चूक म्हणजे या आठ ओळींची यादी करून "यातलं तुमच्यात किती?" असं विचारणं. मग शोक हीसुद्धा मिळवायची पात्रता होते आणि ज्याच्या घरात खरंच मयत झालंय तो पोरगा गप्प बसतो. येशू तिथे अट घालत नाही, घोषणा करतो.

जुनाकरार: जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 28व्या अध्यायाचा प्रश्न नक्की येणार, कारण तिथे आज्ञा पाळणाऱ्याला भरभराटीचा आशीर्वाद आहे. तयारी ठेवा. घराघरात आवडीने वाचली जातात ती आशीर्वादाची 1 ते 14 वचनं. 15 ते 68 शापांची आहेत, म्हणजे 54. पुढे पौलाचं गलतीकरांस पत्र 3:13–14 उघडा. शाप ख्रिस्ताने वधस्तंभावर घेतला, आणि अब्राहामाचा आशीर्वाद परराष्ट्रीयांना मिळतो तो आत्म्याच्या रूपाने. पौल तिथे पगार मोजत नाही. चांगल्या भविष्याची आशा देणारं यिर्मया 29:11 भिंतीवर लावलेलं असतं, पण आधीचं 10वं वचन बाबेलात 70 वर्षं काढायला सांगतं. ते सोबत वाचल्याशिवाय 11वं वाचू नये असं माझं ठाम मत.

तरुणसंघ_अभ्यास: फार उपयोग झाला. कॅथलिक मित्र 'धन्यवादित' म्हणतात ते यातलंच का?

वसईवाचक: ती चर्चने दिलेली पदवी. देवाचा सेवक, वंदनीय, धन्यवादित, संत अशा पायऱ्या आहेत. आजच्या रीतीने धन्यवादित होण्यासाठी मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. हुतात्म्याला ती अट नाही. वसईचे गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर मारले गेले, 1627 मध्ये धन्यवादित झाले, 1862 मध्ये संत. तुमच्या अभ्यासात 10व्या वचनापाशी त्यांचं नाव घ्या. नीतिमत्त्वाकरता छळ सोसलेले धन्य, हे तिथे मुलांना हाताला लागेल.