मराठी पाटी हवीच, पण शिरोरेघ कुठून मोजायची?

गिरगावकर
शनिवारी आमच्या नाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी बदलत होते. चहा पीत बघत उभा राहिलो. जुना फ्लेक्स उतरला, नवा एसीपीचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थरांच्या पत्र्याचा, बोर्ड चढला. आधी मराठी नाव, मग इंग्रजी, उंची दोन्हींची सारखी. कायद्याला हवं ते सगळं. फक्त इंग्रजी अक्षरं लालभडक, आतून दिवे असलेली, आणि मराठी अक्षरं पांढऱ्यावर राखाडी. रस्ता ओलांडून मागे वळून पाहिलं तर मराठी नाव गायब!

२०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांची मराठी पाटीतून सुटायची पळवाट बुजली. व्यापाऱ्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली, तिथे याचिका फेटाळली गेली, वर २५ हजारांचा भुर्दंड बसला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. ती सरल्यावर मुंबई पालिकेची माणसं कामगारामागे दोन हजार दंडाच्या हिशेबाने फिरायला लागली. इथवर माझी काही तक्रार नाही.

पण पुढे जाहीर झालं, की १ मे २०२४ पासून मराठी पाटी नसेल तर मालमत्ता कर दुप्पट. हे कुठलं गणित? गाळा भाड्याचा असेल तर कर मालकाच्या नावावर आणि पाटी भाडेकरूची. त्यानंतर बाराव्या दिवशी, १३ मेला, घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं. १७ माणसं गेली. मर्यादा ४० बाय ४० ची होती. पाटीवरची वेलांटी मोजणाऱ्या शहराला ते दिसलं नाही?

पाटी मराठीच हवी. दंडाची ही तऱ्हा नको. बोला.

दादरचा_दामू
होर्डिंगचं मध्येच कशाला आणलंत? ती जागा रेल्वे पोलिसांची होती, तो घोळ वेगळा. तिथे झोपले म्हणून इथेही झोपा, असं म्हणायचंय का?

राहता राहिला कर. अहो, दंड चावल्याशिवाय कोणी हलतं का? सर्वोच्च न्यायालयानेच सुनावलं होतं, की खटल्यांवर पैसे घालवण्यापेक्षा पाट्यांवर घाला. दसरा-दिवाळी तोंडावर होती, तरी यांना मराठी गिऱ्हाईक दिसेना. आणि मालकाला भुर्दंड बसला तर चांगलंच. तोच भाडेकरूच्या मागे लागेल, पालिकेला फिरायलाही नको.

काउंटरवरचा
दामूशेठ, तुमचं दुकान नाही हे लगेच कळतं.

आमचं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान. आम्ही दोघे भाऊ आणि एक पोरगा. पाटी पहिल्यापासून मराठीच, वडिलांनी लाकडावर अक्षरं कोरून घेतलेली. भाषेचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी दिसत नाही म्हणून आत दोन नळ्या बसवून पेटीची पाटी केली आणि तिथून वनवास सुरू झाला. एक गृहस्थ आले, म्हणाले, परवाना कुठाय? अर्ज करायला गेलो तर आधी इमारतीची ना हरकत आणा. सोसायटी म्हणते, सभा दिवाळीनंतर. मग एक ‘मदत करणारे’ भेटले. पुढचं लिहीत नाही, सुज्ञास सांगणे न लगे.

म्हणजे मराठीसाठी दंड नाही झाला, उजेडासाठी झाला. तुम्ही भाषेवर भांडताय, आमचा जीव परवान्यात अडकलाय.

वकीलीणबाई
काउंटरवरचे दादा, तुमच्या बाबतीत दोन निरनिराळे कायदे एकमेकांत गुंतलेत. पाटी कुठल्या भाषेत, हे दुकाने व आस्थापना कायदा सांगतो. पाटीला परवानगी लागते की नाही, हे मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधलं कलम ३२८अ सांगतं. स्वतःच्या दुकानावर, स्वतःच्या धंद्याची, दिवे नसलेली साधी पाटी लावायला त्या कलमाखाली परवानगी लागत नाही. दिवा आला की लागते. पाटी इमारतीच्या वर चढून रस्त्यावरून आकाशासमोर दिसायला लागली, की ते आकाशचिन्ह. त्यालाही लागते. (कायद्यात एवढा एकच काव्यमय शब्द, तोही फी भरून!)

वडिलांची लाकडी पाटी होती तशी ठेवून काम भागत असेल तर भागवा.

गिरगावकर, कराबद्दल तुमच्याशी सहमत. कायद्यात पाटीसाठी दंड ठरलेला असताना तोच अपराध कराच्या बिलात घालणं मला कच्चं वाटतं. पण दामूंचं एक खरं: घाटकोपरचा दाखला इथे लागू पडत नाही.

रंगारी
एकवीस वर्षं पाट्या करतोय, आधी ब्रशने, आता मशीनवर. मूळ दुखण्याला कोणी हातच लावत नाहीये.

नियम म्हणतो, मराठी अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा लहान नको. मोजायचं कुठून? इंग्रजी कॅपिटल अक्षर म्हणजे ठोकळा. वरून खालून सपाट. मराठीत ‘श्री’ घ्या. वर वेलांटी. ‘कुलकर्णी’ घ्या, वर वेलांटी-रफार, खाली उकार. बोर्डाची उंची दोन फूट, गिऱ्हाईक म्हणतं दोन्ही नावं एक-एक फूट कर. मी वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेपटापर्यंत एक फूट धरलं, तर शिरोरेघेखालचं अंग सात-आठ इंच उरतं. शेजारी इंग्रजी पुरं बारा इंच. कागदावर बरोबर, डोळ्याला लहान. शिरोरेघेपासून खाली बारा इंच धरलं तर वेलांटी बोर्डाबाहेर. मी दुसरा मार्ग धरतो आणि बोर्ड वाढवायला सांगतो. दहातले आठ नाही म्हणतात.

आणि मराठी म्हणजे काय, तेही ठरवा. ‘द फॅशन हब’ देवनागरीत लिहून देतो रोज. झालं मराठी?

दादरचा_दामू
झालं! टेबल मराठी झालं, हबही होईल. वाचता आलं की पुरे.

बेळगावची_लेक
तुमचं चालू द्या. इकडे कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीपासून पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं. आमच्या मामाच्या किराणा दुकानावर मराठी नाव वर होतं, ते खाली आलं आणि बारीक झालं. गिऱ्हाईक सगळं मराठी. मुंबईत तुम्ही जे हक्काने मागताय तेच इथे आमच्यावर चालून येतं. सक्तीच्या बाजूने बोलताना एवढं ध्यानात असू द्या.

वकीलीणबाई
ताई, दुखणं कळतं. पण दोन्ही एका मापाने नका मोजू. आपल्याकडचा नियम दुसऱ्या भाषेला बरोबरीची जागा ठेवतो. पहिली मराठी, लहान नको, बाकी काय हवं ते लिहा. उच्च न्यायालयानेही हेच धरलं, की इतर लिप्यांना कुठे बंदी आहे? साठ टक्क्यांत चाळीसच उरतात.

बेळगावची_लेक
चाळीसात मराठी आणि इंग्रजी दोन्ही बसवून दाखवा, मग बोलू.

मॉन्ट्रियलहून
गिरगावकरांच्या राखाडी अक्षरांवरून सांगतो. इथे क्युबेकमध्ये जून २०२५ पासून पाटीवर फ्रेंचला दुसऱ्या भाषेच्या दुप्पट जागा द्यावी लागते, नोंदणीकृत इंग्रजी नाव असलं तरी सुटका नाही. अक्षराची नुसती उंची बघत नाहीत. जागा किती आणि दुरून ठळक दिसतं का, हे बघतात. त्यामुळे राखाडीची चलाखी चालत नाही. बेळगावच्या ताईंना हे आवडणार नाही, माहीत आहे.

गिरगावकर
‘दुरून ठळक दिसतं का’, हे आवडलं. घाटकोपर मागे घेतो, वकीलीणबाई म्हणतात तर. कराचं मात्र मागे घेत नाही.

काउंटरवरचा
रंगारीभाऊ, पेटी काढून वडिलांची पाटीच परत लावतोय. पण त्यातल्या ‘ळ’ चा एक गोळा तुटलाय. दुसरा करून मिळेल?

रंगारी
मिळेल. सागवान आहे का बघा, आणि शेजारच्या अक्षराची शिरोरेघेखालची उंची पाठवा.