सशाचं कच्चं मटण रविवारपर्यंत टिकेल का? लवकर सांगा

खुडबुड्या
घरी सशाचं मटण येऊन पडलंय. पाहुणे आज येणार होते, आता म्हणतात रविवारी. तोवर फ्रीजमध्ये राहील ना? नेटवर कोणी दोन दिवस लिहितं, कोणी वर्ष. हो की नाही एवढंच सांगा, निबंध नकोत.

सांजवेळ
अख्खा की तुकडे? कापलाय कधी? फ्रीज म्हणजे खालचा कप्पा की फ्रीझर? यातलं काहीच न सांगता हो की नाही कसं सांगायचं?

खुडबुड्या
अख्खा. आज बुधवारी सकाळीच कापलाय. खाली पातेल्यात ठेवलाय.

आडवाटे
मग उत्तर नाही. ४ अंशांच्या आत असला तरी कच्चा ससा फ्रीजमध्ये फार तर दोन दिवस. रविवार गाठायचा तर गोठवा. उणे १८ अंशांना तुकडे नऊ महिने आणि अख्खा वर्षभर चांगला राहतो, म्हणजे नेटवरची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण आत्ता लगेच फ्रीझरमध्ये कोंबू नका. ताजा ससा ताठ होतो. ती अकड उतरू द्या आणि उद्या गोठवा, नाहीतर शिजल्यावर चिवट लागतो. पातेलं झाकून सगळ्यात खालच्या फळीवर ठेवा, पाणी गळून भाजीवर जायला नको.

दगडूशेट
कशाला एवढा खटाटोप? दही-हळद चोळून ठेवायचं, चार दिवस ढिम्म होत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं.

आडवाटे
दही-हळदीने चव मुरते, मुदत वाढत नाही. दोन दिवस ते दोनच दिवस.

दगडूशेट
पुस्तकी ज्ञान. आम्ही जिवंत आहोत की!

मीठभाकर
रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, रक्त उतरतं आणि उग्र वासही जातो. मग नळाखाली खळखळून धुवा.

सांजवेळ
धुऊ नका हो! शिंतोडे ओटाभर उडतात आणि जंतू तिथल्या पेल्यांवर बसतात. कागदाने टिपा, तो कागद टाकून द्या. पाट, सुरी, हात साबणाने. आणि मिठाच्या पाण्यात ठेवायचं तर पातेलं फ्रीजमध्येच हवं, ओट्यावर नाही.

खुडबुड्या
आमचा एकदारी फ्रीज आहे, वर फक्त बर्फाचा कप्पा. चालेल का? आणि कलेजीवर पांढरे ठिपके आहेत बारीक, तेवढे कापून टाकले की झालं ना?

आडवाटे
हे आधी सांगायचं ना राव! ससा पाळलेला की रानातला?

खुडबुड्या
मित्राच्या पिंजऱ्यातला. काय फरक पडतो?

आडवाटे
फार पडतो. पाळीव सशात असे ठिपके बहुतेकदा कॉक्सिडिया नावाच्या परजीवीमुळे येतात, तो माणसाला लागत नाही. पण रानटी सशात टुलारेमिया असू शकतो. त्यातही कलेजीवर पांढरे ठिपके दिसतात, कातडी सोलताना हाताच्या बारीकशा चिरेतूनही तो शिरतो, आणि त्याचे जंतू गोठवूनही मरत नाहीत. नुसत्या डोळ्यांनी यातला फरक सांगता येत नाही. कलेजी टाकून द्या. बाकीच्याला हात लावण्याआधी हातमोजे घाला आणि मित्राला विचारा, पिंजऱ्यातले बाकीचे ससे मलूल आहेत का. असतील तर मांसही नको, पशुवैद्याला दाखवायला सांगा.

सांजवेळ
बर्फाच्या कप्प्यात उणे १८ होत नाही, महिने काढायला तो निरुपयोगी. रविवारपर्यंत मात्र चालेल, घट्ट गोठला तर. सशाला चरबी नसतेच, हवा लागली की मांस पांढरं कोरडं पडतं, म्हणून पिशवीतली हवा दाबून काढा. तंगडीचं तुटकं हाड पिशवी फाडतं, त्यावर कागदाची घडी ठेवून दुहेरी गुंडाळा. शनिवारी पहाटेच खालच्या कप्प्यात काढा, ओट्यावर वितळवू नका.

मीठभाकर
त्यापेक्षा उद्याच शिजवा की. आतून ७१ अंशांना गेला की काम झालं, पुढे फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो.

दगडूशेट
म्हणजे पाहुण्यांना शिळं वाढायचं! यापेक्षा माझं दही बरं.

खुडबुड्या
मित्र म्हणतो बाकीचे ससे टुणटुणीत आहेत. कलेजी टाकली. उद्या गोठवतो.

उगाचच
अवांतर: नुसत्या सशावर दिवस काढले तर माणूस भरल्यापोटी खंगतो म्हणे, चरबीच नसते ना. खरं आहे का?

सांजवेळ
खरं आहे, पण एका जेवणाने कोणी खंगत नाही.

कापूसकोंड्या
शीर्षक बघून आलो. आमच्या सशाची नखं फार वाढलीत, घरी कापली तर चालतील का?

दगडूशेट
चालतील, पण या धाग्यावर सशाला आणू नका.