टर्बोकडे जाणारा हवेचा पाईप फाटलाय, घरीच बदलू का?

अर्धापाना:
मंडळी, गाडी पेट्रोल टर्बो, मॅन्युअल, नऊ वर्षं जुनी. महिनाभर झाला, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की बोनेटखालून सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा ‘सूऽऽ’ आवाज येतो. पिकअप गेलं. मग चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एका गॅरेजवाल्याने पाईपचं तोंड सोडवून आत बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं आणि म्हणाला, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) गेला. मी ‘बघतो’ म्हणून गाडी घरी आणली.

काल टॉर्च घेऊन स्वतःच डोकं घातलं. एअर फिल्टरच्या डब्यातून टर्बोकडे जाड रबरी पाईप जातो, मध्ये भात्यासारख्या घड्या असलेला. त्याच्या खालच्या अंगाला, एका घडीच्या खाचेत करंगळीएवढी चीर. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. पाईप हाताने ताणला की चीर तोंड उघडते, सोडला की मिटते!

नवीन पाईप मागवलाय, यायला आठवडा लागेल. तोवर टेप मारून गाडी चालवू का? बदलायचं काम घरी जमण्यासारखं आहे का? रॅचेट-सॉकेटचा सेट, पक्कड, लांब स्क्रू ड्रायव्हर एवढं आहे. आणि त्या तेलाचं काय?

काळेहात:
आधी तेलाचं सांगतो, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. तुमच्या पाईपला बाजूने एक बारीक नळी येऊन मिळते बघा, इंजिनच्या वरच्या कव्हरवरून आलेली. तो ब्रीदर. इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ त्यातून याच पाईपात सोडलेली असते, म्हणजे ती बाहेर न जाता पुन्हा जळते. त्यामुळे आत ओशट थर असणारच. पाईप उपडा केल्यावर तेलाची धार लागली, किंवा सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर चिंता करा. नुसत्या बोटाला लागलेल्या तेलावर टर्बो बदलायला सांगणाऱ्याला माझा लांबून नमस्कार.

आता गाडी चालवण्याचं. नका चालवू. चीर फिल्टरच्या पुढे आहे, मागे नाही. म्हणजे पुढच्या दारावर पहारेकरी उभा आणि मागची खिडकी सताड उघडी. या पाईपात टर्बो हवा ओढत असतो, ढकलत नसतो, त्यामुळे चिरीतून हवा बाहेर जात नाही, बाहेरची धूळ आत जाते. समोर कंप्रेसरचं, म्हणजे टर्बोतलं हवा ओढणारं चाक, ॲल्युमिनियमचं, कडा पात्यासारख्या पातळ, मिनिटाला लाखावर फेरे घेणारं. रस्त्यावरची बारीक वाळू त्यावर आदळली की कडा झिजतात. तिथून ती पुढे सिलिंडरमध्येही जाते. शंभर किलोमीटरने लगेच काही होणार नाही, पण आठवडाभर गाडी उभी ठेवल्याने तर काहीच होत नाही.

दिव्याचं कारणही हेच. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी बसलेला असतो. चिरीतून शिरलेली हवा त्याच्या वहीत लिहिलीच जात नाही. काँप्युटर मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो, सायलेन्सरच्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर ओरडतो की इथे ऑक्सिजन उरलाय, मग काँप्युटर पेट्रोल वाढवत जातो. वाढवायची मर्यादा संपली की दिवा.

काम घरी जमतं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, टर्बोची दुसरी बाजू एक्झॉस्टची असते आणि ती फार वेळ तापलेली राहते. किल्ली काढून खिशात. सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरचा प्लग, सोडवा, पण सेन्सर त्याच्या जागेवरून उपसू नका. आतली तार केसासारखी असते, बोट लावू नका, हवाही मारू नका. कपलर सुटलेला असताना किल्ली फिरवलीत तर एक नवा कोड फुकट मिळेल.

सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे ब्रीदरची नळी. तिच्या टोकाला प्लॅस्टिकचं दाबून सोडायचं कुलूप असतं. नऊ वर्षं उष्णता खाऊन ते बिस्किटासारखं झालेलं असतं. ओढू नका. आधी नळी किंचित आत ढकला, मग दोन्ही बाजूंचे कान दाबा, मग हलवत हलवत मागे घ्या. माझ्याकडे पहिल्या खेपेला तो कान मोडून हातात आला होता आणि पाईपाबरोबर ती नळीही मागवावी लागली.

टर्बोकडची क्लिप हे खरं दुखणं. तिचा स्क्रू बहुतेक वेळा नेमका भिंतीकडे तोंड करून बसवलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर जात नाही, पण स्क्रूच्या डोक्याला षट्कोन असतो, त्यावर छोटं सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन बसतं. सोडवण्याआधी फोटो काढा, क्लिप कोणत्या दिशेला होती, पाईपावरची खूण टर्बोच्या कोणत्या खुणेसमोर होती ते त्यात यायला हवं.

पाईप निघाला की त्याच क्षणी टर्बोच्या तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारं मोठं फडकं कोंबा. मोठं म्हणतोय, कारण लहान फडकं आत सरकतं आणि विसरलं जातं. मी त्याला लाल सुतळी बांधून तिचं टोक बोनेटच्या कुलपाला अडकवतो. बायको हसते. हसू दे. एकदा क्लिपचा स्क्रू निसटला, ‘टण्’ असा आवाज आला आणि पुढे शांतता. टर्बोचं तोंड उघडंच होतं. दोन तास शोधलं, अखेर इंजिनखालच्या कव्हरच्या खोबणीत मिळाला. मिळेपर्यंत किल्लीला हात लावला नाही. फडकं आधी कोंबलं असतं तर ते दोन तास वाचले असते.

तोंड उघडं आहेच तर चाक बघून घ्या. टॉर्चच्या उजेडात कडा सरळ हव्यात, कुरतडल्यासारख्या नकोत. दोन बोटांनी शाफ्ट, म्हणजे चाकाचा दांडा, हलवून बघा. आडवा किंचित खुळखुळा चालतो, कारण ते तेलाच्या थरावर तरंगणारं बेअरिंग आहे. चाक घराला घासत असेल किंवा शाफ्ट आत-बाहेर जाणवेल इतका सरकत असेल, तर तो गॅरेजवाला नकळत बरोबर निघाला म्हणायचं.

नवीन पाईप बसवताना कडेला साबणाच्या पाण्याचा हात फिरवा. ग्रीस नको, नंतर पाईप घसरतो. तोंडावर एक उंचवटा असतो, पाईप त्याच्या पलीकडे गेला पाहिजे आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. मग बोट पूर्ण गोल फिरवा. खालची कड कधीकधी आत दुमडते, वरून सगळं छान दिसतं आणि ‘सूऽऽ’ पुन्हा सुरू. क्लिप हाताच्या जोराने आवळा, रबर क्लिपच्या भोकांतून वर आलं म्हणजे जास्त झालं.

गिअरवाला_गण्या:
एवढं कशाला? मी चांदीच्या टेपचे चार वेढे मारले, वर्षभर गाडी चालली.

काळेहात:
गण्या, चालली असेल. पण त्या टेपचा गोंद उष्णतेने पातळ होतो आणि तेलाने सुटतो. सुटलेलं टोक ओढीच्या बाजूला आहे, म्हणजे ते कुठे जाईल सांग. अगदीच गाडी हलवायची असेल तर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप, पाईप काढून, पुसून, ताणून गुंडाळायची. आणि तीही घरापासून गॅरेजपर्यंत.

निळी_ज्वाला:
सिलिकॉनचा रंगीत पाईप घेतला तर कायमची कटकट जाईल ना? दिसतोही भारी.

काळेहात:
दिसतो भारी खरा. पण साधं सिलिकॉन तेलाच्या वाफेने फुगतं आणि मऊ पडतं, आतून तेल सोसणारा थर असलेलाच घ्या. शिवाय ब्रीदरचं तोंड त्याच जागी, त्याच मापाचं आहे का ते बघा. चासी नंबर देऊन मूळचा पाईप मागवणं मला जास्त सोपं वाटतं.

अर्धापाना, एक राहिलं. पाईप फाटला का, हे बघितलंत का? घड्या वयाने कडक होतात हे खरं, पण फिल्टरचा डबा बॉडीला बांधलेला असतो आणि टर्बो इंजिनला. इंजिन जेवढं डुलेल तेवढा मधला पाईप रोज पिळला जातो. बोनेट उघडं ठेवून कोणाला तरी गाडी न्यूट्रलमध्ये चालू-बंद करायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा. बंद होताना इंजिन मोठी उसळी मारत असेल तर माउंटिंग, म्हणजे इंजिनला धरून ठेवणारा रबरी आधार, खचलंय. तसं असेल तर नवीन पाईपही त्याच घडीत फाटेल.

डिझेलवाला:
माझ्या डिझेलला हीच चीर होती, पण पी०१७१ आला नाही. पिकअप गेलं आणि चढावर काळा धूर. चीर सापडायला तीन महिने गेले.

काळेहात:
काळा धूर असेल तर बहुधा टर्बोच्या पुढचा, इंटरकूलरकडचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडचा) पाईप असावा. तिथे हवा दाबाने असते. मोजलेली हवा बाहेर गळते आणि डिझेल तेवढंच पडतं. तिथल्या चिरीच्या आसपास तेलाचा ओघळ दिसतो.

डिझेलवाला:
बरोबर, इंटरकूलरकडचाच होता. माझंच चुकलं.

अर्धापाना:
नऊ दिवसांनी लिहितोय. पाईप उशिरा आला, काम मात्र सव्वातीन तासांत झालं. त्यातला एक तास भिंतीकडे तोंड केलेल्या त्या क्लिपचा. ब्रीदरचं कुलूप शाबूत सुटलं, काळेहात काका, आधी आत ढकलायची युक्ती तुमची. फडक्याला सुतळी मीही बांधली. चाकाच्या कडा सरळ आहेत, शाफ्ट आत-बाहेर सरकत नाही.

आधी गाडी उभी असताना काँप्युटर १९ टक्के जास्त पेट्रोल टाकत होता. कोड पुसून काल पन्नास किलोमीटर फिरलो, आता ३ टक्के दाखवतोय. आवाज बंद, पिकअप परत.

आणि हो, माउंटिंग खचलंय. उजव्या बाजूच्या रबरात आरपार भेग आहे, गाडी बंद केली की इंजिन घोड्यासारखं उसळतं. त्याला इंजिनखाली आधार द्यावा लागेल, म्हणून ते गॅरेजलाच देतोय. टर्बो गेला म्हणणारं नाही, दुसरं.