‘विश्वास बसत नाही’ की ‘विश्वास ठेवत नाही’? असमर्थतेसाठी शब्द हवा

मूळ प्रश्न
अँड्र्यू फुलर या इंग्लिश बाप्टिस्ट पाळकाने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील काही भाग मी मराठीत आणत आहे. देवाच्या कृपेवाचून जो ख्रिस्तावर विश्वास ठेवूच शकत नाही, त्याचे ते कर्तव्य कसे ठरेल, असा त्या काळच्या कडव्या कॅल्व्हिनपंथीयांचा (तारण केवळ देवाच्या निवडीने मिळते असे मानणाऱ्यांचा) आक्षेप होता. फुलर यांनी अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ जोनाथन एडवर्ड्‌स यांच्या आधारे दोन असमर्थता वेगळ्या केल्या. बुद्धी किंवा इंद्रियेच नसणे ही नैसर्गिक, आणि ती सर्व असूनही मन न वळणे ही नैतिक. पहिलीमुळे माणूस जबाबदारीतून सुटतो, दुसरीमुळे सुटत नाही. मी दोन्हीकडे ‘शकत नाही’ लिहिले आणि हा भेदच नाहीसा झाला. दुसरीसाठी काय लिहावे?

प्रतिसाद १
आपल्याकडे शक्य क्रियापद आहेच. ‘मला बघवत नाही’ म्हणणाऱ्याचे डोळे शाबूत असतात. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ३७व्या अध्यायातले योसेफाचे भाऊ मुके नव्हते; द्वेषामुळे त्यांच्याने त्याच्याशी गोड बोलवत नव्हते.

प्रतिसाद २
‘तापामुळे चालवत नाही’ हेही शक्य क्रियापदच आहे आणि तिथे दोष केवळ शरीराचा आहे. धर्मशास्त्रात ‘नैतिक असमर्थता’ अशी व्याख्या करून घेतलेली संज्ञाच हवी. बोलीतल्या छटेवर सिद्धान्त उभा करू नये.

प्रतिसाद १
ती संज्ञा ऐकून रविवारी बाकावर बसलेल्या आजीबाईंना काय कळेल? ज्या शिकवणीवर माणसाचे तारण अवलंबून आहे, ती त्याच्या रोजच्या भाषेत सांगता आलीच पाहिजे.

प्रतिसाद ३
मला भेद नामापेक्षा क्रियापदात दिसतो. विश्वास ‘बसतो’ तो आपल्या हाती नसतो, ‘ठेवतो’ तो असतो. आज्ञा ठेवण्याची आहे आणि असमर्थता बसण्याची आहे, असे लिहिल्यास पेच सुटतो. ‘विश्वास’ शब्दात श्वासाचा ‘श्वस्’ धातू आहे, आणि श्वासही आपोआप चालतो तसा घेताही येतो.

प्रतिसाद ४
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण त्या वाटेने पेच सुटत नाही, तो नुसता झाकला जातो. योहानाच्या शुभवर्तमानात ५:४० मध्ये येशू लोकांना सांगतो की माझ्याकडे येण्याची तुमची इच्छा नाही, आणि ६:४४ मध्ये सांगतो की पित्याने ओढल्यावाचून कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही. दोन्हीकडे क्रिया ‘येणे’ हीच आहे. फुलर यांचे म्हणणेही हेच आहे, की जे करण्याची आज्ञा आहे नेमके तेच माणसाच्याने होत नाही, कारण त्याला ते नको आहे. ‘बसणे’ आणि ‘ठेवणे’ अशी वाटणी केली, तर माणसाला आयती सबब मिळते.

प्रतिसाद ३
मग ‘विश्वास बसत नाही’ असे कळवळून सांगणाऱ्याला तुम्ही सबब सांगणारा म्हणणार का? मार्काच्या शुभवर्तमानातल्या ९व्या अध्यायातला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप विश्वास असल्याचे सांगतो आणि त्याच श्वासात आपल्या अविश्वासासाठी साहाय्य मागतो.

प्रतिसाद ५
१७९२ मध्ये केटरिंगला स्थापन झालेल्या ज्या मिशनने विल्यम कॅरी यांना भारतात पाठवले, त्याचे सचिव फुलरच होते. सर्वांना विश्वासाचे आवाहन करावे, या त्यांच्या मताचा त्या कार्याला मोठा आधार होता. कॅरी यांच्या बंगालमधल्या श्रीरामपूर येथील मिशनचा मराठी नवा करार १८११ चा आहे. त्यात ६:४४ ला कोणते क्रियापद योजले आहे, हे कोणी पाहून सांगेल का?